ताई, तुझी खिडकी रिकामी गेली

ताई, मी तुझ्यावर भयंकर चिडले आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण गेले काही दिवस आईच्या या घरात जो येतो तो तुझ्याबद्दल गोडच बोलतो. किती हसरी होती, सगळ्यांचं किती करायची, परक्या मुलखात राहून माणसं कशी धरून ठेवली. मी मान हलवते आणि मनात म्हणते, यांच्यापैकी कुणी हिच्या शेजारच्या सीटवर बसून शारजा ते गोवा प्रवास केलाय का? केला असता तर इतकं गोड बोलले नसते.

एकवीस ए तुझी आणि एकवीस बी माझी. सीट निवडायला तू मला कधी दिलंच नाहीस, तसं याही वेळी दिलं नाहीस. आईला ऐंशी वर्षं पुरी होऊन गेली, सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घातलेला, म्हणून आपण दोघींनी थोडं आधी जायचं ठरलं होतं. भावोजी आणि तुझी मैत्रेयी मागून येणार होते. आणि तू त्याच विमानाने आलीस. ठरल्या दिवशी, ठरल्या फ्लाइटने. फक्त एकवीस ए मध्ये बसून आली नाहीस. खाली आलीस, सामानाच्या जागेत, पेटीतून. वर तुझी सीट रिकामी, तिच्या शेजारी मी, आणि आपल्या दोघींच्या मध्ये विमानाची जमीन. असा प्रवास मी दुष्मनासाठीसुद्धा योजला नसता.

तुझ्या त्या खिडकीच्या वेडाची मला पहिल्यापासून चीड आहे, आजची नाही. लोक तिकीट काढताना भाव बघतात, वेळ बघतात. तू बाजू बघायचीस. गोव्याला जाताना डावीकडची, परतताना उजवीकडची, कारण आपला किनारा त्या बाजूला. पंखावरच्या रांगा नकोत, खाली बघावं तर नुसता पत्रा. अगदी शेवटची रांगही नको, तिथे सीट मागे जात नाही आणि टॉयलेटला उभे राहिलेले लोक डोक्याशी. अख्खं आखात रात्रीच्या फ्लाइटने गावी जातं, कारण रजेचा दिवस वाचतो. तू मात्र दिवसाचीच घ्यायचीस. भावोजी दरवर्षी कुरकुरायचे, "अगं, एक रजा फुकट जाते." तू म्हणायचीस, "अंधार बघत गेलं तर तिकीट फुकट जातं. खलास." आणि तळहातावर तळहात झटकलास की विषय संपला.

एका वर्षी भावोजींनी मोठ्या हौसेने सीट निवडली आणि नेमकी ती निघाली ज्याला खिडकीच नाही. असते तशी एखादी सीट काही विमानांत, बाजूला नुसती भिंत. तू उभीच राहिलीस. सगळं विमान बसलंय, पट्टे लागलेत आणि तू एअर होस्टेसला विचारतेयस, "ये विंडो सीट है ना? तो विंडो किधर है? मैं क्या दीवार देखने को बैठी इधर?" ती बिचारी हसून सॉरी मॅम म्हणत राहिली. विमान भरलेलं होतं. गोव्यापर्यंत तू भावोजींशी बोलली नाहीस आणि उतरल्यावर आईला म्हणालीस, "या वर्षी मी आलेच नाही असं समज." आई तुला त्यासाठी ओरडली होती ते मला चांगलं आठवतंय.

आणि मला काय मिळायचं त्या प्रवासात? तुझा अंबाडा, कानातली कुडी आणि त्या दोघांच्या मधून उरलेलं चतकोर आभाळ. त्यात तुझं धावतं वर्णन. "ते बघ खालिद लगून. ती बघ आपली बिल्डिंग, निळ्या काचांच्या मागची. अगं बघ, तुझ्या बाल्कनीत चादर राहिलीय वाळत." बघ म्हणायचीस आणि डोकं तसूभर हलवायची नाहीस. फुजैराचे डोंगर आले की त्यांच्या रंगावर व्याख्यान. पलीकडे समुद्रात नांगरलेली जहाजं दिसली की ती मोजायला घ्यायचीस आणि मी मध्ये बोलले की आकडा चुकला म्हणून माझ्यावर खेकसायचीस. मग दोन-अडीच तास नुसतं पाणी. त्यातही तू झोपायची नाहीस. "काही दिसत नाहीये ताई, डोळे मिट जरा." तर म्हणे, "आपण डोळे मिटतो तेव्हाच दिसतं."

मग एकदाचा तो किनारा. तू सीटवरून अर्धी उठायचीस, कपाळ काचेला. "ते बघ वेंगुर्ल्याचं दीपगृह."

"ताई, तो रेडीच्या बाजूचा कुठला तरी डोंगर असणार."

"मला शिकवू नकोस. खिडकीत मी बसलेय."

हा वाद आपण किती वर्षं घातला, सांग. मी नकाशे दाखवले, मोबाइलवर विमानाचा मार्ग काढून दाखवला. तू बघायचीसुद्धा नाहीस. तुझं एकच, खिडकीत मी बसलेय. आणि मी कधी बसणार, असं विचारलं की म्हणायचीस, "तू अजून लहान आहेस." पन्नाशी उलटलीय गं माझी. आता हा वाद मी कुणाशी घालू? भावोजी लगेच हो म्हणतील. मैत्रेयी म्हणेल, "मावशी, जस्ट गूगल इट." मला तुझ्याशी घालायचा होता आणि जिंकायचा होता.

तू विमानाच्या पोटातून जायला एवढी का भ्यायचीस हे घरात फक्त मलाच नीट माहीत होतं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या तुझ्या कार्गोच्या ऑफिसात तू सगळी कामं केलीस. यंत्रांचे सुटे भाग, कापडाचे गठ्ठे, आंब्याच्या पेट्या. आणि मधूनमधून माणसं. कोकणातला कोणी कामगार साइटवर दगावला की त्याच्या गाववाल्यांचा फोन तुलाच यायचा, कारण तू मराठीत बोलायचीस आणि कागद पटापट हलवायचीस. अशा दिवशी तू घरी येऊन आधी अंघोळ करायचीस आणि मग माझ्याकडे येऊन गप्प बसायचीस. एकदा संगमेश्वरकडच्या एका गवंड्याचं काम करून आलीस. चहा समोर ठेवला तर हात लावला नाहीस. म्हणालीस, "काट्यावर ठेवतात गं. वजन करून पावती फाडतात. वर त्याच विमानात त्याचे शेजारीपाजारी ज्यूस पीत बसलेले असतात." आणि मग ते वाक्य, जे तू नंतर शंभरदा म्हणालीस. कधी भजी खाताना, कधी लिफ्टची वाट बघताना, कधी पाहुण्यांसमोर हसत हसत. "मला पोटातून नेऊ नका हं. मला इथेच जाळा, डब्यात भरा आणि खिडकीत घेऊन बसा."

हसत हसत! इथेच माझं डोकं फिरतं. एवढी मोठी गोष्ट कुणी हसत हसत सांगतं का? एकदा तरी समोर बसून, मोबाइल खाली ठेवून, सरळ तोंडाने सांगायचंस. भावोजींना सांगायचंस. मैत्रेयीला सांगायचंस. नाही. दुसऱ्यांच्या कागदांवर सही नसली तर तू फोन करकरून त्यांना हैराण करायचीस आणि स्वतःचं सगळं भज्यांबरोबर तोंडी लावायला.

आणि त्याच्या आधीची गोष्ट तर मी कधीच माफ करणार नाही. तुझ्या छातीत दुखत होतं. महिनाभर. डावा हात जड होतो म्हणालीस. मी म्हटलं, खाली क्लिनिक आहे, आपल्या बिल्डिंगच्या पायथ्याशी, चप्पल घालून जायचं फक्त. तू म्हणालीस, "ॲसिडिटी आहे. आता गावाला जाणारच आहोत, तिथे दाखवते आपल्या डॉक्टरला. इथले लोक आधी मशीनमध्ये घालतात आणि मग नाव विचारतात." मी पुन्हा म्हटलं. तू म्हणालीस, "इन्शाल्ला." ताई, तीस वर्षं शारजात काढल्यावर इन्शाल्ला म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको. प्लंबर इन्शाल्ला म्हणाला की आपण बादली काढून ठेवतो.

आपण सगळेच तसे. दात दुखतोय, गावाला दाखवू. चष्म्याचा नंबर वाढलाय, गावाला बघू. गुडघा, थायरॉइड, रुसलेला चुलतभाऊ, जमिनीची वाटणी, आईजवळ बसून निवांत बोलणं, सगळं गावाला. तिथे फक्त काम करायचं आणि गावाला जगायचं, रजा मंजूर होईल तेवढंच. मी हे आधीही तुला म्हटलं होतं. तू म्हणालीस, "मग काय इथे जगू? या क्रेनच्या आवाजात?" मला त्या वेळी हसू आलं होतं. आता त्या क्रेन आठवल्या तरी तुझ्या नावाने ओरडावंसं वाटतं. हाकेच्या अंतरावर डॉक्टर असताना तू छातीचं दुखणं समुद्रापलीकडे न्यायला निघालीस. गावाकडचा डॉक्टर आला तुझ्यासाठी, ताई. काल येऊन गेला. ओटीवर बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "लवकर दाखवायला हवं होतं." मी उठून आत गेले, नाहीतर त्याच्यावरच ओरडले असते आणि त्याची काही चूक नव्हती.

त्या सकाळी तू ऑफिसला निघालीस आणि लिफ्टपर्यंत पोचली नाहीस. बस, एवढंच त्याबद्दल बोलणार आहे.

पुढचं बोलते. संध्याकाळपर्यंत घर भरलं. शारजातल्या अल मजाज भागातली आपली सगळी मंडळी आली, तुझ्या ऑफिसचा बिजू आला. भावोजी सोफ्याच्या कडेला बसले होते, हातात तुझा मोबाइल. लोक हळू आवाजात विचारत होते, "बॉडी कधी निघणार?" बॉडी. सकाळी तू ताई होतीस, संध्याकाळी बॉडी झालीस. मी एकीला म्हटलं, "तिला नाव आहे." ती वरमली. नंतर मला वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

भावोजींना मी तुझं ते वाक्य सांगितलं. इथे सोय आहे, इथेच करू, आणि डबा मी मांडीवर घेऊन जाईन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ती गमतीत म्हणायची गं."

"तिला कार्गोतून जायचं नव्हतं भावोजी. तिने ती कामं केली होती."

"मला काही सुचत नाही. तू ठरव. तिचं तुला जास्त माहीत."

मैत्रेयी तुझ्या ओढणीत तोंड खुपसून बसली होती. तिला विचारलं तर म्हणाली, "शी वॉज जोकिंग, मावशी. मे बी शी वॉजन्ट. आय डोन्ट नो. प्लीज डोन्ट आस्क मी." वीस वर्षांच्या पोरीला आपण हे विचारतोय याचाच मला राग आला. ते वाक्य लिहून नाही, रेकॉर्ड नाही, नुसतं हवेत सोडून गेलीस, आणि ते झेलायला मी.

आणि मग आईचा फोन. तुला माहीत आहे, आई फोनवर रडत नाही. तिने एवढंच म्हटलं, "माका तिचा तोंड बघूचा आसा." मी म्हटलं, आये, इथेच करू काय? मग पुन्हा तेच म्हणाली, त्याच आवाजात, "माका तिचा तोंड बघूचा आसा. मगे काय ता करा."

आता तू सांग, मी काय करायला हवं होतं? एका बाजूला तू, शंभर वेळा सांगून गेलेली. दुसऱ्या बाजूला ऐंशी वर्षांची आई, आयुष्यात एकदा काही मागतेय. तिथे जाळलं असतं तर आईला डबा मिळाला असता, आणि तिने तो उघडून त्यात तुझं तोंड शोधलं असतं. पाठवलं तर तुला तेच मिळणार होतं ज्याने तुझ्या तोंडचा चहा गेला होता. दोघींपैकी एकीला फसवायचं होतं. तू मेली होतीस आणि ती जिवंत होती, म्हणून मी तुला फसवलं. मी बिजूला फोन केला आणि म्हटलं, "पेपर बना दो. गोवा." तो रडायला लागला. "दीदी, मॅडम का काम मैं किसी और को हाथ नहीं लगाने दूँगा." मी त्याला थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवल्यावर उशी भिंतीवर फेकली. तुझ्यावर फेकली. त्या दिवशी मला तुझा जेवढा राग आला तेवढा लहानपणी तू माझी पाटी फोडलीस तेव्हाही आला नव्हता.

कागद आपल्या ठरलेल्या दिवसापर्यंत पुरे झाले. बिजू म्हणाला, त्याच फ्लाइटला जागा आहे. भावोजी आणि मैत्रेयीला मिळाल्या त्या सीटा मागे, शेवटच्या रांगेत. माझ्याकडे एकवीस बी होतीच. चढल्यावर मी मैत्रेयीला म्हटलं, "एकवीस ए मध्ये बस. मम्माचीच आहे." ती म्हणाली, "नो मावशी. आय कान्ट." भावोजींनी मान खाली घातली आणि दोघं मागे गेले. मी बसले. मधल्या सीटवर, नेहमीसारखी. डावीकडे तुझी सीट, पट्टा घडी करून ठेवलेला. उजवीकडे एकवीस सी वर एक बाई होती, डोंबिवलीची, आता दुबईत राहणारी. पलीकडच्या बाजूला तिची सात-आठ वर्षांची मुलगी आणि नवरा.

दरवाजे बंद झाले तशी ती मुलगी उठून आमच्या रांगेशी आली. "आंटी, इज समवन सिटिंग देअर?"

मी म्हटलं, "हो."

"बट देअर इज नोबडी."

तिची आई हसली. "बसू दे ना हो तिला. विंडो विंडो करून डोकं खाल्लंय हिने सकाळपासून. आम्हाला शेजारी शेजारी सीटासुद्धा मिळाल्या नाहीत."

ताई, मला तो दोन वर्षांपूर्वीचा प्रवास आठवला. असंच एक पोर रडत होतं खिडकीसाठी, त्याची आई तुझ्याकडे बघत होती आणि सगळ्या रांगा तुझ्याकडे बघत होत्या. तू त्याला दोन चकल्या दिल्यास आणि म्हणालीस, "बाळा, सीट आधीच निवडायची असते. पुढच्या वेळी आईला सांग." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी नंतर तुला म्हटलंही होतं की इतकी कशी गं तू कोरडी. तू म्हणालीस, "त्याला अजून साठ वर्षं खिडकी मिळेल. मला किती?"

मी त्या बाईला म्हटलं, "नाही. ती सीट माझ्या बहिणीची आहे."

"हो का? येतायत का त्या?"

"आली आहे. खाली आहे."

"खाली म्हणजे?"

मी सांगितलं, जरा मोठ्यानेच. तिचा चेहरा उतरला, ती पटकन मुलीला ओढून घेऊन "सॉरी, सॉरी" म्हणाली. मुलगी वळून वळून त्या सीटकडे बघत राहिली. एअर होस्टेस आली, तिला काय सांगितलं गेलं कोण जाणे, तिने माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. मला कुणाचं पाणी नको होतं. मला कुणीतरी भांडायला हवं होतं आणि तू उपलब्ध नव्हतीस.

विमान उठलं. उजेड तुझ्या आवडीचा होता, तिरका आणि पिवळा. लगून दिसलं असेल. बिल्डिंग दिसली असेल. मी मधल्या सीटवर ताठ बसून राहिले आणि समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिले. मी का बघू? तीस वर्षं तू मला बघू दिलं नाहीस. आता तू नाहीस म्हणून सरकून बसायचं आणि आनंदाने डोंगर बघायचे, असं तुला वाटत असेल तर ते होणार नव्हतं. शेजारची बाई हळूच विचारत होती, काही हवं का, ज्यूस घेणार का. ज्यूस म्हटल्यावर मला तुझं ते काट्याचं बोलणं आठवलं. तेव्हा मात्र मी रडले. तिने माझा हात धरला. अनोळखी बाई, जिच्या मुलीला मी नाही म्हटलं होतं.

अडीच-एक तासांनी विमान खाली वाकायला लागलं, कानात दडे बसले, आणि ताई, मला राहवलं नाही. मी पट्टा सोडला आणि सरकले. एकवीस ए. आयुष्यात पहिल्यांदा. काच गार होती. मी कपाळ टेकवलं, तू टेकवायचीस तसं. दीपगृह की रेडीचा डोंगर, काय ते एकदाचं बघून टाकायचं ठरवलं होतं. दिसलं असतं तर खाली उतरून पेटीवर हात आपटून सांगणार होते.

काही दिसलं नाही. सगळं धुरकट. पाणी संपून जमीन कधी सुरू झाली तेही कळलं नाही. पांढरं, नुसतं पांढरं, आणि मग अचानक अगदी जवळ तांबडी माती, काजूची झाडं आणि चाकांचा धक्का. इतकी वर्षं माझ्याकडून लपवून ठेवलेला किनारा तू शेवटच्या दिवशीही दाखवला नाहीस. म्हणे, खिडकीत मी बसलेय.

मोप्याच्या विमानतळावरून रुग्णवाहिकेने घरी आलो. अंगणात मांडव आधीच घातलेला होता, आईच्या सोहळ्यासाठी. झेंडूच्या माळा कुणीतरी घाईने काढल्या होत्या, पण दोऱ्या तशाच लोंबत होत्या. वाडीतल्या बायका आल्या होत्या. पेटी मांडवातच ठेवली आणि झाकण काढायला माणसं लागली. आई खुर्चीवर बसली होती, नव्या साडीत. ती साडी तूच शारजाहून पाठवली होतीस सोहळ्यासाठी आणि तिने तीच नेसली होती, कुणी काही बोलायची हिंमत केली नव्हती.

तुझा चेहरा उघडा झाला. कापूस, पावडर, त्या लोकांनी काय काय लावलं होतं. केस चुकीच्या बाजूला वळवले होते. आईने काही म्हटलं नाही. ती वाकली आणि तुझे केस नीट केले, भांग सरळ केला. मग मागे टेकून बघायला लागली.

माझ्याने राहवेना. एवढ्या दिवसांचं तोंडाशी आलं. सगळ्या बायका ऐकत होत्या, भावोजी उभे होते, भटजी उभे होते. मी म्हटलं, "आये, तिका ह्या नको होता. ती सारखी सांगी, माका सामानातसून नेव नकात म्हणून. मी तिचा ऐकलंय नाय. तुझ्यासाठी आणलंय तिका."

आईने तुझ्यावरची नजर काढली नाही. म्हणाली, "माका म्हायत आसा. ती माका पण सांगी."

मी म्हटलं, "म्हायत होता? आणि तरी आणूक लावलंस?"

"होय, तरी." तिचा आवाज चढला होता. मला वाटलं होतं फक्त मीच चिडलेय. "तुमी येतास, चार दिस रवतास नि जातास. इली की सांगी, आये, माका वरसून आपली खाडी दिसली, आपला घर दिसला. तीस वर्षां ती माका वरसून बघीत इली. आता मी बघतंय तिका. तू वायच गप रव."

आई बघत राहिली. भटजींनी घड्याळाकडे पाहिलं, कुणीतरी खाकरलं, पण आईला उठा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. तिने तुझी हनुवटी धरली, आपल्याला लहानपणी धरायची तशी, आणि तोंड आपल्याकडे वळवून घेतलं.

ताई, तू कुणाचं ऐकून घेणारी नाहीस. कुणी एक बोललं की तुझ्याकडे दोन तयार. मला वाटलं, आता तू उसळून आईला काहीतरी सुनावशील, आणि मग मी मध्ये पडेन. मी वाट बघत थांबले. मला वाटतं, आईही थांबली होती.